नाकाशी वजन

मर्डो म्हणाला होता, वजन नाकाशी ठेव.
ट्रेलरला नाक असतं हे मला साठाव्या वर्षी कळलं.
चाकांच्या पुढे थोडं जड, मागे थोडं हलकं,
एवढंच शास्त्र, म्हणाला,
आणि स्वतःचं नाक रुमालात शिंकरलं.

माझी जीप म्हणजे दोन माणसं आणि एक ओला कुत्रा,
त्यापुढे तिचा संसार नाही.
पण लुईस बेटावरच्या दलदलीत
जिथे मोठ्यांच्या गाड्या पोटापर्यंत रुततात
तिथून ही शेळीसारखी ठणाठणा उड्या मारत निघते,
आणि मग तिला वाटतं आपल्याला सगळंच जमतं.
याबाबतीत आमचं दोघींचं एकमत आहे.

मे महिन्यात कापलेलं पीट ऑगस्टात वाळलं.
काळ्या विटा. हजारो वर्षं कुजायचं राहून गेलेलं शेवाळ,
आता माझ्या चुलीतला हिवाळा.
रेडिओ सांगत होता, संध्याकाळी पाऊस.
दोन खेपा की एक?
मी एकच केली.
पुढे सुक्या विटा, मधे सुक्या,
आणि ज्या शेवटी उचलल्या, चराच्या तळच्या,
अजून ओल्या, बाळंतिणीसारख्या जड,
त्या गेल्या मागे, फळीच्याही वर.
ट्रेलरचं नाक हलकेच वर झालं. मी पाहिलं नाही.
मी दोर आवळत होते
आणि केसाच्या टोकाएवढे डास माझ्या कानात संसार मांडत होते.

चढ गेला. कण्हत, दुसऱ्या गिअरमधे, पण गेला.
ओढणं माणसाला कळतं.
ओझं मागे, आपण पुढे,
कोण कोणाला नेतंय हा प्रश्न पडत नाही.

तळ्याकडचा उतार लागला
आणि ओझ्याला स्वतःचं मत आलं.
आरशात आधी ट्रेलरची डावी बाजू दिसली,
मग उजवी,
मग पुन्हा डावी, जास्तच.
शेपूट आता कुत्र्याला हलवत होतं.
पाय ब्रेककडे निघाला. सगळं अंगच ब्रेककडे निघालं.
तेवढ्यात मर्डोचं दुसरं वाक्य आठवलं,
जे मी ऐकता ऐकताच विसरले होते:
डोलायला लागलं तर थांबवू नकोस, थांबू दे.
मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.
स्टिअरिंग धरलं, झोपेतलं मूल धरावं तसं.
रस्त्याच्या मधोमध एक मेंढी रवंथ करत बसली होती.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग ट्रेलरकडे,
आणि उठली.

खाली, समोरच्याला वाट द्यायला रस्ता जिथे रुंद होतो,
तिथे थांबले. हात तेव्हा कापले.
अर्ध्या विटा उतरवल्या, फेकल्याच म्हणा,
गवतात, कशाही, शिव्या देत.
गेलिकमधे. इंग्रजीत शिवीला बूड नसतं.

घरी रिकामी करून परत आले तासाभराने,
तर ढीग रचलेला.
माशाच्या काट्यासारखी तिरपी वीण,
पाणी बाहेरच्या बाहेर उतरावं अशी.
गावात असं रचणारे दोघेच.
मर्डोची कंबर गेल्या साली गेली.
दुसरा टॉर्क्विल, टपालाची गाडी चालवतो,
ज्याच्याशी मी एका कुंपणावरून
अकरा वर्षं बोललेली नाही.

विटा मोजल्या नव्हत्या, पण कमी होत्या.
पाच-सहा. कोपऱ्यातल्या, चांगल्या सुक्या.
मजुरी कापून घेतली होती पठ्ठ्याने.
मला फार बरं वाटलं.
उपकाराचं ओझं कुठे ठेवायचं
ते मर्डोनेही शिकवलेलं नाही.

या वेळी ओल्या पुढे घातल्या.
नाक दोन्ही हातांनी उचलून पाहिलं:
जेमतेम उचलेल इतकं.
खीळ घातली, साखळी अडकवली, पुन्हा ओढून पाहिली.

त्याच्या घरापाशी चढ नाही, उतारही नाही,
हळू करायचं काही कारण नव्हतं.
हळू केली.
इथे ओळखीच्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात.
उचललं.
खिडकीत कोणी होतं का, पावसात दिसलं नाही.
आरशात पाहिलं. ट्रेलर मुकाट, सरळ
मागून येत होता.